टायरमधलं लिक्विड: कारमध्ये घालावं का, आणि घातलंच तर कसं

इंदूरात देवास नाक्याला नवे टायर बसवायला गेलात, की बिल होता होता एक प्रश्न हमखास येतो: "लिक्विड भी डलवा लो, पंक्चर का झंझट खतम." चारही चाकांचं मिळून पॅकेज असतं, वर नायट्रोजन फुकट. माझं मत आधीच सांगून टाकतो. कारच्या नव्या ट्यूबलेस टायरमध्ये सरसकट लिक्विड, म्हणजे पंक्चर आतून बुजवणारा द्रव, घालू नये. त्याच पैशांत १२ व्होल्टचा कंप्रेसर आणि बरासा प्रेशर गेज घ्यावा, स्टेपनीत हवा ठेवावी आणि लिक्विडची एक बाटली डिकीत पडू द्यावी. काही गाड्यांना आधीपासून लिक्विड घालणं योग्यही ठरतं, त्याबद्दल पुढे येतंच.

"स्कूटरमध्ये घालतो, काही होत नाही, मग कारमध्ये का नको?" हा प्रश्न रास्त आहे. स्कूटरला बहुधा स्टेपनी नसते, टायर अरुंद असतो, वेग कमी असतो आणि भर रस्त्यात चाक काढणं म्हणजे वैताग. तिथे लिक्विडचा फायदा तोट्यापेक्षा मोठा आहे. कारचं गणित वेगळं.

दुकानात "लिक्विड" या एकाच नावाखाली तीन वेगळे पदार्थ विकले जातात आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात. पहिला प्रकार म्हणजे पंक्चर व्हायच्या आधी घालून ठेवायचं जेल. ते घट्टसर असतं, बहुधा हिरवं नाहीतर निळं. त्यात ग्लायकॉल, पाणी, बारीक तंतू आणि रबराचा चुरा असतो, आणि ते टायरमध्ये महिनोन्‌महिने ओलं राहील अशा बेताने बनवलेलं असतं. दुसरा प्रकार गाडीबरोबर येणाऱ्या किटमधली बाटली: दुधासारखा पांढरा द्रव, मुख्य घटक नैसर्गिक रबराचं लॅटेक्स. ती पंक्चर झाल्यावर, एकदाच वापरायची. नंतर आत रबराचा पापुद्रा धरतो. तिसरा प्रकार स्प्रेचा डबा, ज्यात द्रव आणि तो ढकलणारा दाबाखालचा वायू एकत्र असतात. लॅटेक्सची बाटली "आधीच घालून ठेवू" म्हणून टायरमध्ये ओतली, तर काही महिन्यांत आत नुसता चिकट गोळा सापडेल. जेल पंक्चर झाल्यावर वापरता येतं, पण कारच्या रिकाम्या टायरात ते पिळत बसायला वेळ लागतो. बाटलीवरचं नाव बाजूला ठेवून ती कशासाठी आहे तेवढं वाचा.

आता आत काय होतं ते बघू. भोक पडलं की हवा तिथून जोरात बाहेर निघते आणि जाताना द्रवही ओढून नेते. मोरीच्या जाळीत केस अडकून पाणी तुंबावं, तसे जेलमधले तंतू भोकात आडवे अडकतात, त्यांच्यामागे रबराचा चुरा बसतो आणि वाट बंद होते. ग्लायकॉलचं काम इतकंच की हा सगळा माल वाळू द्यायचा नाही. लॅटेक्सचं वागणं जरा निराळं: भोकातून निसटताना त्याची घुसळण होते, रबराचे कण एकमेकांना चिकटून साकळतात आणि तिथेच बूच तयार होतं. दोन्हींसाठी चाक फिरणं गरजेचं आहे. द्रव घालून गाडी तशीच उभी ठेवली तर तो तळाशी साचतो आणि भोक वरच्या बाजूला असेल तर तिथवर पोचतच नाही. "लिक्विड घातलं, तरी सकाळी टायर बसलेला" ही तक्रार बहुतेक वेळा यामुळेच असते.

चाक फिरतं तेव्हाचा जोर किती, हे आकड्यांत पाहिलं की लिक्विडची मर्यादाही कळते. १८५/६५ आर १५ मापाचा टायर घ्या. व्यास साधारण ६२ सेंटिमीटर, घेर १.९५ मीटर. ताशी ८० किलोमीटरला हा टायर सेकंदाला अकराच्या वर फेरे घेतो, आणि आतल्या द्रवावर गुरुत्वाकर्षणाच्या दीडशेपट जोर बाहेरच्या दिशेने लागतो. म्हणजे सगळा द्रव जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला जाऊन चिकटतो. साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर), रिमच्या कडेला, वॉल्व्हच्या मुळाशी काहीच उरत नाही. "हळूहळू हवा जाते" म्हणून येणाऱ्या कितीतरी गाड्यांत गळती नेमकी तिथेच असते: गंज धरलेली स्टीलची रिम, खड्ड्यात वाकलेलं अलॉय, चिरलेला रबरी वॉल्व्ह. अशा गळतीवर लिक्विडचा उपयोग नाही. वॉल्व्ह बदला, बीड (रिमला घट्ट बसणारी टायरची कड) साफ करून घ्या, रिम सरळ करून घ्या.

साइडवॉलची तर आणखी एक अडचण आहे. फेऱ्यागणिक तो भाग एकदा दबतो आणि मोकळा होतो, म्हणजे ८०च्या वेगाला सेकंदात अकरा वेळा तिथली चीर उघडते आणि मिटते. तिथे बूच टिकणार कसं? टिकलं तरी चिरलेल्या धाग्यांना ताकद कोण देणार? साइडवॉल फाटला की टायर बदलायचा, इतकं साधं आहे. मधल्या पट्ट्यातलं भोकही ६ मिलिमीटरपर्यंतचंच हिशोबात धरायचं. बाभळीचा काटा एक-दोन मिलिमीटरचा, साधा खिळा तीन-चारचा. ही कामं जेल व्यवस्थित करतं. रस्त्याच्या कामावरचा जाडजूड बोल्ट, सळईचा तुकडा, फुटलेल्या दगडाची धार, इथे नाही.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. हवा गेलेल्या टायरवर गाडी दोन-तीनशे मीटर ओढली, की रिम आणि रस्ता यांच्यामध्ये साइडवॉल आतून भरडला जातो. बाहेरून फार काही दिसत नाही. कधी साइडवॉलवर गोल फिरलेला वळ असतो, आणि टायर उघडल्यावर आत काळा रबराचा भुगा सांडतो. अशा टायरमध्ये लिक्विड घालून, हवा भरून महामार्गावर निघणं धोक्याचं आहे. तो चालता चालता फुटतो.

जेल किती घालायचं याचा तक्ता बाटलीवर असतो, पण दुकानदार अंदाजपंचे ओततो. अंदाज घ्यायचा तर असा: वरच्याच टायरचा आतला पट्टा धरला साडेपंधरा सेंटिमीटर रुंद आणि १.८८ मीटर लांब, तर क्षेत्रफळ ०.२९ चौरस मीटर होतं. त्यावर ४०० मिली जेल सारखं पसरलं तर १.३ ते १.४ मिलिमीटरचा थर बसतो. तेवढा थर २१५/६० आर १७ सारख्या एसयूव्हीच्या टायरमध्ये हवा असेल तर पाचशे मिलीच्या वर लागेल. छोट्या हॅचबॅकला तीनशे-साडेतीनशे पुरतं. त्यामुळे "एक बाटली, कोणतीही गाडी" हे गणित जुळत नाही. कमी पडलं तर थर इतका पातळ होतो की भोकात बूच बनण्याआधीच माल संपतो. जास्त झालं तर पुढचा त्रास सुरू होतो.

तो त्रास म्हणजे थरथर. व्हील बॅलन्सिंगवाला पाच-पाच ग्रॅमची वजनं लावून चाक जुळवतो, आणि आपण त्याच चाकात चारशे ग्रॅमपेक्षा जास्त द्रव ओततो. सगळीकडे सारखा पसरला तर काही बिघडत नाही. पण रात्रभर उभ्या गाडीत पातळ माल तळाशी उतरतो आणि सकाळी पहिले एक-दोन किलोमीटर स्टिअरिंग हलकं थरथरतं. वेग घेतल्यावर शांत झालं तर ठीक. ६०–८०च्या पुढेही थरथर राहिली तर समजा की माल जास्त आहे, किंवा वाळून गोळे झाले आहेत. अशा चाकाचं मशीनवर बॅलन्सिंगही धड होत नाही. एकदा फिरवलं की एक आकडा, परत फिरवलं की दुसरा, आणि कारागीर वजनं लावत बसतो. आधी आतला माल काढायला लावा, मग बॅलन्सिंग.

माळव्यातल्या उन्हाचा इथे थेट संबंध आहे. मे महिन्यात चाळीसच्या वर पारा, डांबर त्याहून कितीतरी तापलेलं, आणि लांबच्या प्रवासात टायर आतून आणखी गरम. जेलमधलं पाणी हळूहळू कमी होत जातं आणि ते दाटतं. बऱ्याच जेलवर टायरमधली मुदत दोन वर्षांच्या आसपास लिहिलेली असते. ती आमच्याकडच्या हवेत ताणायला जाऊ नये. बर्फाळ देशांत ग्लायकॉल द्रव गोठू नये म्हणूनही उपयोगी पडतं, इंदूरला त्या गुणाचं काय करायचं! वाळू न देणं एवढंच त्याचं इथलं काम.

मग आधीपासून जेल कोणी घालावं? ज्यांची गाडी रोज शेताकडे, खाणीकडे किंवा कच्च्या रस्त्यावर जाते त्यांनी. शेताच्या कुंपणाला बाभळीच्या फांद्या ओढून नेतात तेव्हा गाववाटांवर काटे सांडतात. महू-चोरलच्या आतल्या वाटांवर एका फेरीत टायरला चार काटे लागणं काही नवलाचं नाही. अशा गाडीचा वेगही फारसा साठच्या वर जात नाही, त्यामुळे थरथरीचा प्रश्न तितका जाचत नाही. पण जी गाडी बहुतेक शहरात, सुपर कॉरिडॉर ते राजेंद्र नगर अशी फिरते आणि महिन्यातून एकदा धुळ्यामार्गे नाशिक-पुण्याला धावते, तिला हे नको. शहर स्वच्छतेत देशात पहिलं येत असलं तरी बांधकामाच्या कडेला खिळे असतातच, पण त्यासाठी गल्लोगल्ली पंक्चरवाले आहेत.

घालायचंच ठरलं, तर असं करा.

आधी टायर पाहा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल किंवा साइडवॉलला भेगा असतील, तर जेलवर पैसे घालवू नका. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढच्या टायरलाही नको. जुना खिळा रुतलेला असेल तर तो काढून आधी नीट पंक्चर काढून घ्या; जेल घालून तो झाकू नका.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, जॅकवर घ्या. चाक हवेत असलेलं बरं, कारण वॉल्व्हची पिन काढल्यावर टायर पूर्ण बसतो, आणि गाडीचं वजन त्यावर असेल तर बीड रिमवरून सुटू शकते. मग छोट्या कंप्रेसरने ती परत बसत नाही. चाक फिरवून वॉल्व्ह वरच्या अर्ध्यात आणा. तो तळाशी असेल तर ओतलेलं तिथेच साचून वॉल्व्हमधून उलट येतं. पिन काढायचं छोटं हत्यार बहुतेक बाटल्यांच्या टोपणातच असतं. पिन सुटताना उडते. तिच्यावर बोट धरा आणि धुळीत ठेवू नका.

बाटली जोरात हलवा, मिनिटभर तरी. तंतू आणि चुरा तळाशी बसलेला असतो. न हलवता ओतलं तर आधी नुसतं पाणी जातं आणि शेवटी नळी तुंबते. नळी वॉल्व्हवर घट्ट बसवून मापाने पिळा. मग पिन लावण्याआधी वॉल्व्हमधून हवेचा एक फवारा आत मारा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. वॉल्व्हच्या आत जेल राहिलं की पिनच्या रबरी वायसरखाली तंतू अडकतात आणि वॉल्व्हमधूनच हवा झिरपत राहते. म्हणजे पंक्चर टाळायला गेलो आणि गळती लावून आलो. शक्यतो पिन नवीच घाला, किंमत नगण्य आहे.

हवा गाडीच्या दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा, बहुतेक छोट्या गाड्यांना ३० ते ३५ पीएसआयच्या दरम्यान. आणि लगेच निघा. पाच-आठ किलोमीटर, थांबत थांबत नाही, जरा वेगात. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर थंड असताना परत मोजा. मोजताना वॉल्व्ह वर असू द्या आणि गाडी उभी करून पाच-दहा मिनिटं झालेली असू द्या, नाहीतर गेजमध्ये जेल शिरून तो कायमचा खोटं बोलू लागेल.

ज्यांच्या चाकांत वॉल्व्हला जोडलेला टीपीएमएसचा, म्हणजे टायरमधल्या दाबावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचा, सेन्सर आहे, त्यांनी बाटलीवर "सेन्सरला सुरक्षित" असं लिहिलेलं आहे का ते आधी पाहा. सेन्सरला दाब मोजायचं बारीक छिद्र असतं. ते बुजलं की डॅशबोर्डवर चुकीचा आकडा येतो किंवा दिवा पेटून राहतो. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून अंदाज बांधणाऱ्या टीपीएमएसला हा धोका नाही, कारण त्याचं टायरच्या आत काहीच नसतं.

जेलबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार थरथरीची नाहीच. ते खिळा लपवतं, ही आहे. साध्या ट्यूबलेस टायरमध्ये खिळा गेला की हवा हळूहळू कमी होते, तुम्हाला कळतं, तुम्ही काढून घेता. जेलवाल्या टायरमध्ये खिळा तसाच आत राहतो, दाब टिकतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. खिळ्याच्या वाटेने पावसाचं पाणी आतल्या स्टीलच्या पट्ट्यांपर्यंत जातं, तारा गंजतात, त्यांची रबरावरची पकड सुटते. सहा महिन्यांनी त्या जागी फुगवटा आला की टायर गेलाच. म्हणून जेल घातलेल्या गाडीचे टायर महिन्यातून एकदा हाताने चाचपून, नक्षीच्या खाचांत टॉर्च मारून बघायचे. खिळा दिसला तर दाब शाबूत असला तरी पंक्चरवाल्याकडे जायचं.

रस्त्यात पंक्चर झाल्यावर: किटची बाटली

इथे मात्र लिक्विडला पूर्ण मार्क. खलघाटला नर्मदा ओलांडून सेंधव्याकडे निघालात आणि रात्री बिजासन घाटात टायर बसला, तर ट्रकच्या रांगेत रस्त्याच्या कडेला जॅक लावण्यापेक्षा दहा मिनिटांत हवा भरून घाट उतरणं कधीही शहाणपणाचं. अर्थात आधी गाडी जितकी कडेला घेता येईल तितकी घ्या, चारही दिवे लुकलुकते ठेवा आणि त्रिकोण मागे लांब लावा.

भोक मधल्या पट्ट्यात आहे ना, साइडवॉल शाबूत आहे ना, ते टॉर्चने बघा. खिळा रुतलेला दिसला तर काढू नका. तो निम्मं भोक स्वतःच बुजवतो. बाटली हलवा. किटच्या रचनेप्रमाणे बाटली कंप्रेसरवर उलटी बसते किंवा नळीने पिळायची असते. ते कुठलं आहे हे घरी असतानाच एकदा बघून ठेवा, अंधारात पत्रक वाचत बसू नका. इंजिन चालू ठेवा, कारण असा कंप्रेसर दहा-पंधरा अँपिअर खातो आणि नुसत्या बॅटरीवर ती दमते. त्याच सॉकेटला फोनचा चार्जर किंवा दुसरं काही जोडलेलं असेल तर काढा, नाहीतर फ्यूज उडेल.

सुरू केल्यावर गेजचा काटा एकदम पाच-सहा बारपर्यंत उडी मारतो. घाबरू नका, द्रव वॉल्व्हमधून जात असतो तेव्हा असं होतं, अर्ध्या मिनिटात काटा खाली येतो आणि मग खरा दाब दिसू लागतो. दहा मिनिटांच्या आत १.८ बार, म्हणजे २६ पीएसआय, गाठले तर काम झालं. नाही गाठले तर नळी काढा, गाडी दहाएक मीटर पुढे-मागे घ्या म्हणजे द्रव पसरेल, कंप्रेसर थोडा गार होऊ द्या आणि परत प्रयत्न करा. तरीही दाब चढत नसेल तर भोक मोठं आहे किंवा बीड सुटली आहे; तिथे थांबायचं आणि गाडी उचलून न्यायची.

दाब आला की लगेच निघायचं, सामान नंतर आवरा. दहा मिनिटं किंवा दहाएक किलोमीटर गेल्यावर सुरक्षित जागी थांबून परत मोजा. १.३ बार (१९ पीएसआय) च्या खाली आला असेल तर पुढे जाऊ नका. त्याच्या वर असेल तर स्टिकरवरच्या आकड्यापर्यंत भरा आणि ताशी ८०च्या आत राहून जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जा. किटमध्ये "८०" लिहिलेला गोल स्टिकर असतो. तो स्टिअरिंगजवळ डोळ्यांसमोर लावायचा असतो, डिकीत पडू द्यायचा नसतो. असा टायर पुण्यापर्यंत रेटायचा नाही. शिरपूर, धुळे, जिथे पहिलं बरं दुकान उघडं दिसेल तिथे उतरायचं.

हातमोजे घाला. लॅटेक्स कपड्याला लागलं तर निघत नाही, आणि काहींना त्याची ॲलर्जीही असते.

पंक्चरवाल्याकडे

टायर हातात देण्याआधी सांगा: "भैया, अंदर लिक्विड डला है, पिन धीरे खोलना." न सांगता पिन काढली की त्याच्या तोंडावर फवारा उडतो, आणि मग तुमचं काम मन लावून होण्याची आशा सोडा. स्प्रेचा डबा वापरला असेल तर हे सांगणं सौजन्यापुरतं नसतं. काही डब्यांतला ढकलणारा वायू ज्वलनशील असतो; टायर पूर्ण मोकळा व्हायच्या आत रिमजवळ वेल्डिंग किंवा आच आली तर स्फोट होऊ शकतो.

आत ओलं असलं की बाहेरून मारलेला चिकट पट्टीचा प्लग कमी धरतो, कारण सोल्यूशनला कोरडं रबर लागतं. घाईचं म्हणून तो मारला तरी नंतर टायर रिमवरून उतरवून आतून काम करून घ्या: द्रव काढायचा, जेल असेल तर पाण्याने धुवायचं (ते पाण्याने निघतं), लॅटेक्स असेल तर पापुद्रा सोलायचा, पूर्ण कोरडं करायचं, भोकाभोवती घासायचं, आणि मग मश्रूमसारखा प्लग-पॅच आतून बसवायचा. ट्यूबलेसचं हेच पक्कं काम. त्याच वेळी रिमची आतली बाजू पुसून घ्या. पाणीदार माल साचून राहिला तर स्टीलची रिम गंजते. लॅटेक्सने लडबडलेला वॉल्व्ह बदलून टाका. मग बॅलन्सिंग. टायरची वॉरंटी चालू असेल तर कार्डावरच्या अटी वाचा. बाहेरून घातलेल्या द्रवामुळे दावा नाकारायची तरतूद अनेक ठिकाणी असते.

कारखान्यातूनच आतल्या बाजूला चिकट थर लावून येणारे टायर ही निराळी जात. कॉन्टिनेंटलचा कॉन्टिसील त्यातलाच, पट्ट्यातली ५ मिलिमीटरपर्यंतची भोकं धरतो. तो थर जागेवरून हलत नाही, त्यामुळे थरथर नाही. त्यात वरून आणखी लिक्विड ओतू नये.

डिकीत काय

जुलै २०२० मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल केला: ३.५ टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. त्यानंतर काही गाड्या, त्यात बऱ्याच इलेक्ट्रिक, स्टेपनीशिवाय येऊ लागल्या. सीएनजीवाल्यांची स्टेपनी असते, पण सिलिंडर आणि सामान यांच्यामधून ती काढणं हा एक व्यायामच. अशा गाडीवाल्यांनी किट "कंपनीने दिलंय" म्हणून विसरू नये. बाटलीवर मुदत छापलेली असते, साधारण चारेक वर्षांची. जुनी गाडी घेताना तर ती पहिल्यांदा बघा. मुदत संपलेलं लॅटेक्स बाटलीतच साकळतं आणि ऐन वेळी नळीतून काही येत नाही.

स्प्रेचा डबा मात्र आमच्याकडे गाडीत ठेवू नये. त्यावर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका असं लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात उन्हात उभी केलेली बंद गाडी आतून त्याच्या पुढे सहज जाते.

शेवटी, काढलेला माल. बऱ्याच बाटल्यांत एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि जीवघेणं विषारी. कुत्री, गाई चाटतात. अंगणात टायर रिकामा केला तर द्रव लाकडाच्या भुशात किंवा रद्दीत टिपून पिशवीत बांधा, जागा भरपूर पाण्याने धुवा आणि पिशवी नगर निगमच्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याच्या खान्यात टाका. इंदूरच्या गाडीला सहा खाने उगीच नाहीत. रिकामी बाटलीही त्याच खान्यात जाते, प्लास्टिकच्या नाही.